चौथ्या बाल्डविनचा हिशेब नव्याने मांडताना

४ जुलै ११८७ रोजी हत्तीनच्या टेकड्यांपाशी इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलादिन याने जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याची सारी फौज बुडवली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला जेरुसलेम शहर त्याच्या स्वाधीन झाले. या पराभवाची कारणे सांगताना जुन्या इतिहासलेखनात एक कारण हमखास येत असे: त्याआधी जवळजवळ अकरा वर्षे गादीवर एक कुष्ठरोगी तरुण होता, त्याच्या दुबळेपणाचा फायदा आईने, मामाने आणि महत्त्वाकांक्षी सरदारांनी घेतला आणि राज्य आतून पोखरले गेले. याच्या अगदी उलट चित्र अलीकडे लोकप्रिय झाले आहे. एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटाने या राजाला चांदीचा मुखवटा चढवला आणि तेव्हापासून तो एखाद्या शांत, सोशिक संतासारखा लोकांच्या मनात बसला. समकालीन साधनांत अशा मुखवट्याचा उल्लेख नाही. ही दोन्ही चित्रे एकमेकांच्या विरुद्ध वाटली, तरी दोन्हींत माणसाआधी त्याचा रोग दिसतो. चौथ्या बाल्डविनला रोगी म्हणून दोष देऊ नये आणि रोगी म्हणून सूटही देऊ नये; इतर कोणत्याही राज्यकर्त्याचे जसे निर्णय तपासतो, तसे त्याचे तपासावेत, एवढेच मला मांडायचे आहे.

या विषयाकडे मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वळलो नाही. सोलापूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी झाली. घरोघर जाऊन तपासणी करायची, बधिर चट्टे शोधायचे, औषधाच्या पाकिटांचा हिशेब ठेवायचा, हे माझे काम होते. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला आणि धर्मयुद्धांच्या इतिहासात हा राजा भेटला. त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्याच्या आजाराचे वर्णन भीतीने किंवा करुणेने केले आहे. ज्याने नेमके आणि थंड डोक्याने केले, असा माणूस आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे.

बाल्डविनचा जन्म ११६१ चा. वडील अमालरिक पुढे ११६३ मध्ये राजा झाले, पण मुकुट हवा असेल तर अ‍ॅग्नेसशी झालेला विवाह रद्द करावा लागेल, अशी अट सरदारांनी घातली. विवाह मोडला, मुलगा बाल्डविन आणि मुलगी सिबिला यांचा हक्क मात्र कायम राहिला. मुलगा नऊ वर्षांचा असताना राजाने त्याला शिक्षणासाठी विल्यम नावाच्या विद्वान धर्माधिकाऱ्याच्या हाती सोपवले. हाच विल्यम पुढे टायरचा आर्चबिशप आणि राज्याचा चॅन्सलर झाला आणि त्याच्या इतिहासग्रंथावरच या काळाची बहुतेक माहिती आधारलेली आहे. विल्यम लिहितो की, सरदारांची मुले खेळताना एकमेकांच्या हातांना आणि दंडांना नखांनी चिमटे काढत. इतर मुले ओरडत, बाल्डविन मात्र काहीच झाले नसल्यासारखा उभा राही. प्रथम विल्यमला तो सहनशक्तीचा भाग वाटला. असे वारंवार घडू लागल्यावर त्याने मुलाला जवळ बोलावून विचारपूस केली आणि तपासून पाहिले, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, उजवा हात आणि दंड जवळजवळ अर्धा बधिर आहे. चिमटा काढला तरी आणि चावा घेतला तरी मुलाला समजत नाही.

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढचे पान उलटायला मला बराच वेळ लागला, कारण आम्ही नेमके हेच करत असू. शहराच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका बाईंची तपासणी मला अजून स्पष्ट आठवते. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूची पाने आणि जर्दा, आणि डाव्या हाताच्या बोटांवर कात्रीने झालेल्या बारीक जखमा, ज्यांचे त्यांना काहीच वाटत नव्हते. मी म्हटले, "मावशी, डोळे मिटा आणि जिथे लागेल तिथे बोट ठेवा." बॉलपेनच्या टोकाने मी दंडावर स्पर्श केला, त्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवले. मनगटाच्या वर केला, बोट थोडे बाजूला पडले. करंगळीच्या कडेला केला, तेव्हा त्या डोळे मिटून तशाच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "टोचा की आता, किती वेळ लावता?" कोपराच्या आतल्या बाजूची नस हाताला जाड लागत होती. निदान तिथेच झाले. बाराव्या शतकातल्या त्या धर्माधिकाऱ्याला ना रोगाचे कारण ठाऊक होते ना उपचार, कारण या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने शोधला तो १८७३ मध्ये; तरीही कातडीवर काही दिसण्याआधी, केवळ संवेदना गेली आहे यावरून त्याने मुलाचे दुखणे पकडले. त्यामुळे तो जेव्हा पुढे राजाच्या शरीराविषयी किंवा राज्यकारभाराविषयी लिहितो, तेव्हा मी त्याच्यावर बराच विश्वास टाकतो, जरी दरबारातल्या कोणत्या गटाकडे त्याचा ओढा होता हे लपत नसले तरी.

अमालरिकने त्या भागातले नामांकित वैद्य बोलावले, शेक आणि तेले झाली, काही उपयोग झाला नाही. मात्र एक गोष्ट झाली आणि ती मला औषधापेक्षा मोलाची वाटते. अबू सुलेमान दाऊद या ख्रिस्ती अरब वैद्याचा मुलगा अबुल खैर याला राजपुत्राला घोडा शिकवण्यासाठी नेमले गेले आणि हातात लगाम नीट धरता येत नसतानाही गुडघ्यांच्या दाबाने घोडा आवरण्याची विद्या त्याने मुलाला दिली. त्या काळात राजा होणे म्हणजे घोड्यावर बसून फौजेच्या पुढे चालणे. मुलाचा हात जाणार हे धरून चालून घरच्यांनी त्याला त्याशिवाय जमेल असे शिकवले, ही त्या दरबाराची दूरदृष्टी आहे.

११ जुलै ११७४ रोजी अमालरिक आजारपणात अचानक वारला आणि १५ जुलैला, म्हणजे पहिल्या धर्मयुद्धात जेरुसलेम जिंकल्याला बरोबर ७५ वर्षे झाली त्या दिवशी, १३ वर्षांच्या बाल्डविनला मुकुट घातला गेला. रोगाचा संशय होता, उघड निदान कोणी केले नव्हते आणि दुसरा पुरुष वारसही नव्हता. त्या राज्यात कुष्ठरोग्यांना सरसकट हाकलून देण्याची रीत नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे. शहराच्या उत्तरेच्या तटाबाहेर सेंट लाझारसचा आश्रम होता, तिथे रोगी बंधुभावाने राहत आणि टेम्प्लर या लढवय्या ख्रिस्ती धर्मपंथातील एखाद्या योद्ध्याला हा रोग झाला, तर त्याने तिकडे जावे अशी सोय होती. राजाला मात्र आश्रमात पाठवले गेले नाही. पोप तिसरा अलेक्झांडर याने ११८१ मध्ये त्याच्या आजाराला देवाचा न्याय म्हटले, पण जेरुसलेमच्या सरदारांनी त्याचा हुकूम शेवटपर्यंत मानला, आणि सलादिनाचा चिटणीस इमादुद्दीन यालाही या गोष्टीचे नवल वाटले होते. आपल्याकडे ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोग्याला सदस्यपदासाठी अपात्र ठरवणारी तरतूद होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २००८ मध्ये उचलून धरली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून गेले ते २०१९ मध्ये. ज्यांची बोटे झडली त्यांच्या हाती सत्ता देऊ नये, हा आग्रह मध्ययुगाचा आहे असे आपण समजतो, म्हणून हे सांगितले.

अल्पवयीन राजाचा पहिला कारभारी मायल्स ऑफ प्लान्सी काही महिन्यांतच अक्का शहरात मारला गेला आणि त्यानंतर राजाचा नातलग, त्रिपोलीचा काउंट रेमंड, कारभारी झाला. त्याने सलादिनाशी तह केला. सलादिन तेव्हा इजिप्तवर पाय रोवून सीरियाकडे सरकत होता आणि सीरियाचा सत्ताधीश नूरुद्दीन याच्या मृत्यूनंतर मोडलेली मुस्लिम सत्ता एका हाती आणणे हेच त्याचे उद्दिष्ट होते. ११७६ मध्ये राजा पंधरा वर्षांचा होऊन सज्ञान झाला आणि त्याने तो तह पुढे चालवण्यास नकार दिला. त्याच वर्षी दमास्कसच्या परिसरात आणि बिकाच्या खोऱ्यात मोहिमा झाल्या, बायझंटाइन सम्राटाकडे वकील गेला आणि इजिप्तवर संयुक्त स्वारीचा बेत ठरला. दमास्कस आणि कैरो एका सत्तेखाली आले तर जेरुसलेम दोन पात्यांच्या मध्ये सापडणार, हे त्याला रेमंडपेक्षा स्पष्ट दिसले होते असे माझे मत आहे. ती स्वारी झाली नाही. ११७७ मध्ये फ्लँडर्सचा काउंट फिलिप फौज घेऊन आला, राजाने त्याला कारभार देऊ केला, त्याने तो घेतला नाही, अटींचा घोळ घातला आणि बायझंटाइन आरमार अक्काच्या बंदरातून परत गेले. हा दोष राजाच्या पदरात घालता येत नाही.

फिलिप उत्तरेकडे निघून गेल्याचे पाहून सलादिन इजिप्तमधून चालून आला. पुढे जे घडले ते प्रसिद्ध आहे. राजा त्या वेळी १६ वर्षांचा आणि नुकताच दुखण्यातून उठलेला होता. मूठभर घोडेस्वार घेऊन त्याने अ‍ॅस्कलॉन गाठले आणि तो तिथे कोंडला गेला. आता हा बाहेर पडत नाही असे गृहीत धरून सलादिनाने आपली फौज रामला आणि लिद्दाच्या मुलखात लुटीसाठी पांगू दिली. राजाने गाझातील टेम्प्लर स्वारांना बोलावून घेतले, किल्ल्याबाहेर पडला, किनाऱ्याच्या बाजूने वळसा घालून आला आणि २५ नोव्हेंबर ११७७ रोजी माँजिसारजवळ त्या पांगलेल्या फौजेवर तुटून पडला. विल्यमने राजाकडे ३७५ आणि सलादिनाकडे २६,००० स्वार असल्याचे म्हटले आहे. दुसरा आकडा फुगवलेला असावा, पण विषम लढत होती यात शंका नाही. सलादिन उंटावर बसून निसटला. विजय स्वस्तात मिळाला नाही. टेम्प्लरांसारख्याच हॉस्पिटलर या दुसऱ्या लढवय्या पंथाच्या प्रमुखाने पत्रात लिहिले आहे की, ख्रिस्ती बाजूचे १,१०० लोक पडले आणि ७५० जखमी इस्पितळात आणले गेले. प्रत्यक्ष रणांगणावर हुकूम कोणाचा चालला, करकचा सरदार रेनाल्ड ऑफ शातियों याचा की इतर कोणाचा, यावर वाद आहे आणि तो राहील. मात्र अ‍ॅस्कलॉनच्या तटाआड सुरक्षित बसण्याऐवजी बाहेर पडायचे, हा निर्णय राजाच्या संमतीवाचून झाला नसता, आणि लढाईची बाजू त्या निर्णयानेच फिरली.

आता त्याच्या चुकांकडे येतो, कारण त्यांना आजाराच्या आड लपवले तर या राजाचा अपमानच होईल. पहिली चूक जॉर्डन नदीवरील जेकबच्या उताराची. टेम्प्लरांच्या आग्रहाने ११७८ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत राजाने सैन्यासह तिथे तळ ठोकून किल्ला बांधला. जागा दमास्कसच्या रस्त्यावर आणि सलादिनाच्या दृष्टीने इतकी मर्मावरची होती की, बांधकाम थांबवण्यासाठी त्याने आधी ६०,००० आणि मग १,००,००० दिनार देऊ केले. राजाने पैसे नाकारले. त्या वसंतात बानियासजवळच्या चकमकीत राजा थोडक्यात वाचला आणि त्याला वाचवताना राज्याचा अनुभवी सेनापती हम्फ्री ऑफ तोरों घायाळ होऊन वारला. १० जूनला मर्ज अयूनच्या लढाईत राजा घोड्यावरून पडला. पुन्हा चढता येईना, तेव्हा एका नाइटने त्याला पाठीवर घेऊन बाहेर काढले. ऑगस्टच्या अखेरीस सलादिनाने किल्ला सुरुंग लावून पाडला, आणि राजा तिबेरियासला फौज जमवत असतानाच तिकडचा धूर दिसू लागला होता. उत्खननात तिथे शस्त्रांचे घाव असलेले सांगाडे सापडले आहेत. किल्ल्याची भिंत तर भूगर्भातल्या भेगेवरच उभी होती. पुढच्या भूकंपांनी तिचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकवले, म्हणून आज भूवैज्ञानिकही तिथे जातात. तट पुरा होण्याआधी शत्रूला डिवचणे आणि चालून आलेली रक्कम नाकारणे, ही जोखीम राजाने धडधाकट मनाने घेतली होती. ती अंगाशी आली, आणि तिचा बोधही त्याने घेतला: ११८० मध्ये त्याने सलादिनाशी दोन वर्षांचा तह केला, ज्यात जेरुसलेमला कोणताही वरचष्मा नव्हता. असा बरोबरीच्या अटींवरचा तह पूर्वी झाला नव्हता, असे विल्यम खंतावून लिहितो. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण दुष्काळ पडला होता आणि दोन्ही बाजू थकल्या होत्या.

दुसरी गोष्ट गीच्या विवाहाची, आणि इथे मात्र प्रचलित कथा बदलायला हवी. बाल्डविनला मूल होणार नाही हे ठरलेले असल्याने बहीण सिबिला हिच्या नवऱ्याकडे पुढे राज्य जाणार, हे सर्वांना माहीत होते. तिचा पहिला नवरा विल्यम ऑफ माँफेरा ११७७ च्या जूनमध्ये वारला आणि मागाहून मुलगा जन्मला, तोच पुढचा पाचवा बाल्डविन. जुनी कथा अशी की, चंचल सिबिला देखण्या गी ऑफ लुसिन्यांवर भाळली, आईने कान भरले आणि असहाय राजाने ११८० च्या ईस्टरला घाईने लग्न लावून दिले. ही घाई कशाची होती, हे विल्यमच्याच एका वाक्यात सापडते: त्रिपोलीचा रेमंड आणि अँटिऑकचा बोहेमंड सैन्य घेऊन राज्यात शिरले होते आणि ते आपल्याला पदच्युत करतील, अशी राजाला भीती होती. बर्गंडीच्या ड्यूकशी ठरलेला विवाह तो न आल्याने लांबत चालला होता. सिबिलाचा नवरा रेमंडच्या पसंतीने ठरला असता, तर राजाला जिवंतपणीच गादी सोडावी लागली असती. म्हणून त्याने आपल्या हाताशी असलेला आणि इंग्लंडच्या राजाच्या मुलखातला सरदार निवडला. माणूस चुकीचा निवडला, हे पुढे दिसले. पण निवड राजकीय होती आणि ती राजाची होती.

सोलापूरच्या वाचकाला हे समजायला फार प्रयास पडू नयेत. आपला भुईकोट किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्या सोयरिकींत किती फिरला! १५२४ मध्ये आदिलशाही राजकन्या अहमदनगरला दिली तेव्हा तिच्याबरोबर सोलापूर देण्याचे ठरले, ते दिले नाही म्हणून लढाया झाल्या आणि पुढे चांदबिबीच्या विवाहात तोच किल्ला आंदण म्हणून विजापूरला गेला. लग्नाच्या बोलीत किल्ला असला की, नवऱ्यामुलाचे रूप किंवा वधूचे मन हा मुद्दा मागे पडतो. सिबिलाबरोबर याफा आणि अ‍ॅस्कलॉन हा किनाऱ्यावरचा सर्वांत मोक्याचा मुलूख गीकडे गेला, आणि त्याच अ‍ॅस्कलॉनच्या वेशीवर पुढे राजाची परीक्षा झाली.

११८२ पर्यंत राजा स्वतः मोहिमेवर जात होता. त्या वर्षीच्या जुलैत कडक उन्हात बेल्व्हॉर किल्ल्याजवळ सलादिनाला अडवले, ऑगस्टमध्ये सलादिनाने बैरूतला जमिनीवरून आणि समुद्रातून वेढा घातल्यावर आठवड्याभरात गलबते जमवून तो उठवायला लावला, आणि वर्षाच्या अखेरीस दमास्कसच्या परिसरापर्यंत धडक मारली. पुढच्या फेब्रुवारीत त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत कमी चर्चिलेले आणि मला सर्वांत उजवे वाटणारे काम झाले. संरक्षणासाठी साऱ्या राज्यावर कर बसवला गेला. शंभर सोन्याच्या नाण्यांहून अधिक मालमत्ता असणाऱ्याने शेकडा एक द्यायचा. त्यात धर्म, भाषा, स्त्री-पुरुष असा भेद नव्हता आणि चर्च आणि सरदारही सुटले नाहीत. ज्यांच्याकडे तेवढे नव्हते, त्यांनी चुलीमागे ठरावीक रक्कम द्यायची. प्रत्येक शहरात चार विश्वासू माणसांनी आकारणी करायची. जमा पैसा जेरुसलेम आणि अक्का येथे पेट्यांत ठेवायचा, प्रत्येक पेटीला तीन कुलपे आणि किल्ल्या वेगवेगळ्या हातांत, आणि त्यातून संरक्षणाखेरीज एक नाणेही काढायचे नाही. आमच्या खात्यात साध्या औषधसाठ्याच्या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे राहावी, यावर फाइली फिरत, त्यामुळे तीन किल्ल्यांची ही अट ज्याने घातली त्याला सरकारी पैशाची जात पुरती ठाऊक होती, हे मी खात्रीने सांगतो. दृष्टी अधू होत चाललेल्या राजाच्या नावाने हे फर्मान निघाले.

११८३ च्या उन्हाळ्यात नाझरेथला त्याला जबर ताप आला. विल्यमच्या म्हणण्याप्रमाणे तोवर त्याची दृष्टी गेली होती आणि हातपाय व्रणांनी निकामी झाले होते. उपचाराशिवाय वाढलेला हा रोग काय करतो ते मी पाहिले आहे: पापणी मिटत नाही, डोळ्यात गेलेला कण कळत नाही, बुबुळावर जखम होते आणि माणूस हळूहळू आंधळा होतो, तळपायाला भोके पडतात आणि दुखत नसल्याने तो त्यावरून चालत राहतो. जीव जाण्याआधी शरीर असे तुकड्यातुकड्याने हातचे जाते, बुद्धी मात्र शाबूत राहते. ही शेवटची गोष्ट जुन्या लेखकांनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. राजाने गीला कारभारी नेमले, पण मुकुट, जेरुसलेम शहर आणि वर्षाला १०,००० सोन्याची नाणी स्वतःकडे ठेवली. त्या शरद ऋतूत सलादिन आत आला तेव्हा गीच्या हाताखाली त्या राज्याने कधी न जमवलेली मोठी फौज होती. गी लढला नाही, सलादिन अन्नाच्या टंचाईने परत गेला. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ते चुकले असे म्हणवत नाही. अडचण वेगळी होती: छावणीतले सरदार गीचे ऐकायला तयार नव्हते, आणि ज्याचे कोणी ऐकत नाही त्याच्या हाती राज्य देता येणार नाही, हे राजाने ओळखले. त्यातच राजाने जेरुसलेमच्या बदल्यात टायर शहर मागितले आणि गीने नकार दिला. राजाने त्याचा कारभार काढून घेतला आणि २० नोव्हेंबर ११८३ रोजी पाच वर्षांच्या भाच्याला सहराजा म्हणून मुकुट घालवला.

त्याच सुमारास मृत समुद्रापलीकडच्या करक किल्ल्यात राजाची सावत्र बहीण इझाबेला हिचे लग्न चालू असताना सलादिनाने वेढा घातला. राजा दोन घोड्यांच्या मधल्या डोलीत पडून फौजेबरोबर निघाला. तो लढू शकत नव्हता, पाहू शकत नव्हता. वाटेत त्याने रणांगणाचा हुकूम रेमंडकडे दिला. फौज जवळ येत आहे असे कळताच ४ डिसेंबरला सलादिनाने वेढा उठवला. पुढच्या वर्षी पुन्हा वेढा पडला आणि राजा पुन्हा निघाला. गीच्या नेतृत्वाखाली भांडणारे तेच सरदार डोलीतल्या राजामागे निमूट चालले, यातून राजाची सत्ता कशावर उभी होती ते कळते.

गी अ‍ॅस्कलॉनला जाऊन बसला. दरबारात बोलावले तरी आजाराचे निमित्त सांगून येईना, तेव्हा राजा स्वतः तिथे गेला. वेशीचे दरवाजे बंद होते. राजाने उघडण्याचा हुकूम केला, नगरवासी तटावर आणि बुरुजांवर चढून पाहत राहिले, दरवाजा उघडला नाही. राजा तिथून याफाला गेला, त्या शहराने त्याला आत घेतले आणि ते त्याने ताब्यात घेतले. पुढे गीने राजाच्या आश्रयाखालील बेदुइनांवर हल्ला केला तेव्हा राजाने कारभार रेमंडकडे दिला, म्हणजे ज्याच्या भीतीने ११८० मध्ये गीची निवड केली, त्याच्याकडे. स्वतःची निवड चुकली हे ओळखून ती उलटवण्याची ताकद फार थोड्या राज्यकर्त्यांत असते, आणि ती दाखवली तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

मराठी वाचकाला इथे थोरले माधवराव आठवल्यावाचून राहणार नाहीत. पानिपतानंतर १६ व्या वर्षी पेशवाई, घरात सत्तेवर डोळा ठेवून बसलेला काका, राजयक्ष्म्याने पोखरलेले शरीर आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला २७ व्या वर्षी अंत. त्यानंतर नऊ महिन्यांत नारायणरावांचा खून झाला. त्या खुनासाठी माधवरावांना कोणी जबाबदार धरत नाही. उलट हा पेशवा आणखी जगता तर काय झाले असते, याची हळहळ आजही पुण्यापासून आमच्या सोलापूरपर्यंत व्यक्त होते. बाल्डविनच्या वाट्याला मात्र त्याच्या मागून आलेल्यांचा पराभव आला. दोघांच्या मुलखात आणि काळात फार अंतर आहे, तुलना पुरती जुळत नाही हे मान्य. तरी मृत्यूनंतरच्या घटनांचा दोष एकाला देत नसू, तर दुसऱ्यालाही देऊ नये.

११८५ च्या पूर्वार्धात, मृत्यू जवळ आला असताना, बाल्डविनने जी व्यवस्था केली ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. रेमंडने दहा वर्षे कारभार पाहायचा, पण बालराजाचा सांभाळ करायचा नाही. तो मुलाच्या आईचा मामा जोसेलिन याच्याकडे, म्हणजे मुलाचे काही बरेवाईट झाले तर रेमंडवर संशय नको. राजकिल्ले टेम्प्लर आणि हॉस्पिटलर पंथांच्या ताब्यात. मूल दहा वर्षांच्या आत दगावले, तर सिबिला की इझाबेला याचा निवाडा पोप, पवित्र रोमन सम्राट आणि फ्रान्स व इंग्लंडचे राजे करतील, आणि तोवर रेमंडच कारभार चालवील. सरदारांनी यावर शपथा घेतल्या. पैशाच्या पेटीला तीन कुलपे लावणाऱ्या बुद्धीचीच ही रचना आहे. त्यानंतर लवकरच राजा वारला आणि पवित्र समाधीच्या चर्चमध्ये वडिलांजवळ पुरला गेला. त्याच्या कारकिर्दीत राज्यातील एकही मोठे शहर कायमचे गेलेले नव्हते, जरी सलादिनाने ११८३ मध्ये अलेप्पो घेऊन वेढा जवळजवळ पुरा केला होता.

११८६ मध्ये बालराजाही गेला. तेव्हा जोसेलिन, रेनाल्ड आणि टेम्प्लरांचा प्रमुख जेरार ऑफ रिडफोर यांनी शपथा बाजूला सारल्या, सिबिलाला मुकुट घातला आणि तिने तो गीच्या डोक्यावर ठेवला. हॉस्पिटलर पंथाचा प्रमुख रोजर याने राजचिन्हांच्या पेटीची आपल्याकडची किल्ली द्यायला बराच काळ नकार दिला, असे एक इतिहासकार सांगतो. रेमंड रागावून तिबेरियासला गेला आणि सलादिनाशी परस्पर तह करून बसला. रेनाल्डने तह मोडून काफिला लुटला, आणि गी त्याच्याकडून भरपाई वसूल करू शकला नाही. ११८३ मध्ये न लढल्याची टीका ज्याला खावी लागली होती, तोच गी जुलै ११८७ मध्ये पाण्याविना हत्तीनकडे निघाला. हत्तीनचा हिशेब मांडायचाच असेल, तर तो ११८६ मधल्या त्या मोडलेल्या शपथांपासून मांडावा लागेल, आणि त्या मोडल्या तेव्हा चौथ्या बाल्डविनला जाऊन वर्ष उलटले होते.